जड धातू व प्रजनन ऊतकांतील संप्रेरकक्रिया

कॅडमियम, शिसे, पारा हे जड धातू आणि आर्सेनिक हा उपधातू यांच्या संपर्कामुळे अंडाशय, गर्भाशय, वार (अपरा), वृषण इ. ऊतकांत संप्रेरकांच्या निर्मितीत वा परिणामात होणारा बिघाड. सर्वाधिक संशोधन कॅडमियमावर झाले असल्याने प्रस्तुत नोंदीचा बराच भाग त्यालाच दिला आहे.

कॅडमियमाच्या क्षारांनी उंदरांच्या वृषणातील ऊतक मरते, हे पार्झीझेक व झाहोर यांनी १९५६ मध्ये दाखविले. जस्त मोठ्या मात्रेत दिल्यास हा परिणाम टळतो, हेही लवकरच आढळले. येथे टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक घटते. परंतु मूळ घाव वृषणाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर असतो. कॅडमियमाला दाद न देणाऱ्या उंदरांच्या काही वाणांत ही प्रतिकारशक्ती झिप-८ या (धातू पेशीत नेणाऱ्या) वाहक प्रथिनाच्या जनुकाशी निगडित असल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून या परिणामाला संप्रेरकबिघाडाचे शुद्ध उदाहरण मानू नये.

खरा वाद आहे तो कॅडमियमाच्या इस्ट्रोजेनसदृश (इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारख्या) गुणाविषयी. १९९४ च्या सुमारास स्तनकर्करोगाच्या एमसीएफ-७ या पेशींत कॅडमियमामुळे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा ग्राही (संप्रेरकाला बांधून त्याचा संकेत पेशीला देणारे प्रथिन) वाढतो, म्हणजे इस्ट्रोजेनने जे घडते तेच घडते, असे दिसून आले. २००० मध्ये धातू इस्ट्रोजेन ग्राहीच्या संप्रेरक-बंधक भागालाच घट्ट चिकटतो, असा दावा झाला. त्या बंधात सिस्टीन, हिस्टिडीन, ग्लुटामिक व अॅस्पार्टिक अम्ल या अमिनो अम्लांचा वाटा सांगितला गेला. २००३ च्या प्रयोगाने विषय ऐरणीवर आला. अंडाशये काढलेल्या उंदरांच्या माद्यांना शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे अवघे ५ मायक्रोग्रॅम कॅडमियम एकदाच टोचले, तेव्हा त्यांच्या गर्भाशयाचे वजन वाढले व स्तनग्रंथी दाट झाल्या. इस्ट्रोजेनरोधक औषध दिल्यावर मात्र हे परिणाम थांबले. गर्भावस्थेत कॅडमियमाचा संपर्क झालेल्या मादी पिलांना वयात येण्याची घाई झाली. पुढे २००६ मध्ये डार्ब्रे यांनी अशा धातूंसाठी ‘मेटॅलोइस्ट्रोजेन’ ही संज्ञा मांडली.

मात्र मानवी ग्राहीचे जनुक घातलेल्या यीस्टवरील व इतर काही चाचण्यांत हा गुण आढळला नाही. तोंडावाटे कॅडमियम दिलेल्या उंदरांच्या गर्भाशयातही तशी वाढ दिसली नाही. टोचलेला धातू व अन्नातला धातू यांत मोठा फरक आहे. आतड्यातून त्याचा थोडाच अंश रक्तात उतरतो आणि यकृतात मेटॅलोथायोनीन हे प्रथिन त्याला बांधून ठेवते. इस्ट्रोजेनसदृश परिणामाच्या स्पष्टीकरणासाठी, ग्राही व डीएनए यांच्या बंधातील ‘जस्त-बोटां’मधून (जस्ताने आकार धरलेल्या ग्राहीच्या भागांतून) कॅडमियम जस्ताला हुसकावते, असेही एक मत आहे. उपलब्ध पुराव्यांत पेशीपटलावरील ईजीएफ ग्राही (पेशीवाढीच्या एका घटकाचा ग्राही) व जीपीआर-३० (इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारा दुसरा ग्राही) यांपासून निघणारा संकेतमार्ग हे स्पष्टीकरण सर्वांत पटण्याजोगे वाटते, कारण एकच धातू एका पेशीत प्रभावी व दुसऱ्या पेशीत निष्प्रभ का ठरतो याचा उलगडा त्याने होतो. मानवी पाहण्यांचे चित्रही संमिश्र आहे. स्वीडनमधील रजोनिवृत्त स्त्रियांच्या २००८ च्या अभ्यासात आहारातील कॅडमियमाचा गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाशी संबंध आढळला, पण अन्यत्र त्याला सर्वत्र दुजोरा मिळाला नाही.

वारेत कॅडमियम साठते, आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत अधिक. अंडाशयात कमी मात्रेत तो प्रोजेस्टेरॉनची निर्मिती वाढवितो, तर अधिक मात्रेत ती घटवितो. गर्भाला मातेच्या कॉर्टिसॉल या ताण-संप्रेरकापासून वाचविणारे वारेतील एक विकरही त्याने मंदावते, असे पेशीप्रयोगांत दिसले आहे.

शिशाचा परिणाम मेंदूतील हायपोथॅलॅमस, पोष (पिट्युटरी) ग्रंथी व जननग्रंथी या साखळीवर होतो. रक्तात त्याचे प्रमाण दर डेसिलिटरला ४० मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्या कामगारांत वीर्याची प्रत घसरल्याचे वारंवार नोंदले गेले आहे. अमेरिकेतील २००३ च्या विश्लेषणात याहून कितीतरी कमी पातळीवर काही गटांतील मुलींचे वयात येणे लांबल्याचे आढळले. हा परिणाम कॅडमियमाच्या वर उल्लेखिलेल्या परिणामाच्या उलट आहे. आर्सेनिक स्टेरॉइड ग्राहींच्या कार्यात व्यत्यय आणते. पाऱ्याविषयी बहुतेक माहिती प्राण्यांवरील प्रयोगांतली आहे.

कॅडमियमाची मूत्रपिंडातील जैव अर्धायू (साठा निम्मा होण्यास लागणारा काळ) १० ते ३० वर्षे मानली जाते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये ठरविलेली त्याची सह्य मर्यादा (दरमहा, दर किग्रॅ. वजनामागे २५ मायक्रोग्रॅम) मूत्रपिंडाच्या अपायावरच आधारलेली आहे, संप्रेरकक्रियेवरील परिणामांवर नव्हे.