गुंतागुंतीचा मानसिक आघात

सुटका अवघड आहे अशा परिस्थितीत, महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे सोसलेल्या छळाचा मनावर व शरीरावर होणारा परिणाम. बोलण्यात ‘कॉम्प्लेक्स ट्रॉमा’ हाच शब्द रुळला आहे. बालपणीची मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, सासरचा जाच, कैद ही त्याची नेहमीची कारणे.

एकाच घटनेच्या धक्क्याहून हा आघात वेगळा कसा, हे पुणेकराला पानशेतवरून कळेल. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले, पूर आला आणि ओसरला. हानी भयंकर होती, पण दुःख साऱ्या गावाचे होते. त्याबद्दल आजही बोलले जाते. घरातल्या मारहाणीला अशी तारीख नसते. भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारीही ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून गप्प बसतात. शिवाय मारणारा हात बहुधा जेवू घालणाराच असतो, आणि सगळा गुंता इथेच आहे.

जिन्यावर चप्पल कशी वाजते यावरून वडिलांचा राग ओळखायला शिकलेले मूल चाळिशीतही दाराची कडी वाजली की बोलता बोलता थांबते, पोटात गोळा येतो. लोक त्याला हळवा किंवा तुसडा ठरवतात. मुळात ही जीव वाचवायला अंगी बाणलेली सवय आहे.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये यासाठी वेगळ्या निदानाचा आग्रह धरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ते आले. घटना पुन्हा घडत असल्यासारखे वाटणे, आठवणी टाळणे आणि सततची धास्ती यांच्या जोडीला भावना न आवरणे, स्वतःबद्दल खोल लाज आणि नात्यांत जवळीक न टिकणे ही लक्षणे त्यात धरली आहेत.

हर्मन यांनी सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: सुरक्षितता, आठवणींना सामोरे जाऊन शोक करणे, पुन्हा माणसांत येणे. हा क्रम काटेकोर पाळावा का, यावर मतभेद आहेत. मात्र ‘झालं गेलं विसरून जा’ हा सल्ला जितका घातक, तितकेच पहिल्याच भेटीत सगळे उकरून काढणेही. झोप, जेवण, श्वास आणि भरवशाचे एक माणूस, इथून सुरुवात होते; मारहाण चालूच असेल तर आधी ती थांबवावी लागते. मध्येच मागे जाणेही होते, त्याने केलेले वाया जात नाही.

पुण्यात ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागात उपचार मिळतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येते.