चिलटाच्या शेपटीवरचा निरोप

"केयं नासलं का त्यातून चिलटं आपोआप निंघतात," हे आमच्या आजीचं ठाम मत. रावेरकडच्या घरात खुंटीला केळीची फणी टांगलेली असतेच. श्रावणात साल काळी पडली, की चिलटं हजर. कारली-गिलकी किडवणारी फळमाशी वेगळी, तिच्यासाठी आपण कामगंध सापळे लावतो. हे लाल डोळ्यांचं चिलट म्हणजे ड्रोसोफिला, प्रयोगशाळेत शंभराहून जास्त वर्षं नांदलेलं.

जेमतेम तीन मिलिमीटरचा हा जीव, पण नराचा शुक्राणू सुमारे १.८ मिलिमीटर लांब! माणसाच्या शुक्राणूपेक्षा तीसेक पट. वृषणात ६४-६४ च्या जुडग्यांनी वाढत तो तयार व्हायला दहा दिवस लागतात. तरी नुसता शुक्राणू फारसं काही साधत नाही. खरी गंमत सोबतच्या द्रवात आहे. नराच्या साहाय्यक ग्रंथींतून आलेली दोनशेहून अधिक प्रथिनं त्यात असतात. मादीच्या पोटात शुक्राणू साठवायला एक गुंडाळलेली नळी आणि दोन छोट्या पिशव्या आहेत. एसीपी-३६-डीई हे प्रथिन (नाव कसलं, मालगाडीच्या डब्याचा नंबर!) नसेल, तर फारच थोडे शुक्राणू तिथवर पोचतात.

या प्रथिनांत सर्वांत इरसाल ते सेक्स पेप्टाइड. अवघी ३६ अमिनो आम्लं (प्रथिनांच्या माळेतले मणी), शोध १९८८चा. ते शुक्राणूच्या लांब शेपटीला चिकटून आत शिरतं. मग मादीच्या शरीरात त्याचा तुकडा थोडा थोडा तुटून सुटत राहतो आणि प्रत्येक वेळी एकच निरोप देतो: अंडी घाल, दुसऱ्या नराला झिडकार. शुक्राणू नसलेल्या नराशी जुळलेली मादी दिवसा-दोन दिवसांत पुन्हा तयार होते. शुक्राणू असतील तर हा अंमल आठवडा-दहा दिवस टिकतो. म्हणजे शुक्राणू इथे बीजही आणि औषधाचा साठाही.

मादीला हे फुकट पडत नाही. या ग्रंथींच्या स्रावामुळे तिचं आयुष्य घटतं, हे १९९५ मध्ये दिसून आलं. नराचा फायदा, तिचा तोटा; निसर्गात असा सौदा नवा नाही.

आजीला एवढंच सांगितलं, की पोटात साठा घेऊन आलेली एकच मादी पुरते. ती त्याच फणीवर रोज अंडी घालते आणि दहा-बारा दिवसांत घरभर चिलटं होतात.

"मंग पहिलीच मारायची व्हती ना!" आजी म्हणाली.