अठराव्या वर्षीचे पंचाहत्तर टक्के

बौद्धिक अक्षमता असलेले मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे पुन्हा न्यावे लागते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी पाच, दहा आणि अठरा ही वये ठरवली आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध केले. त्या एका सकाळी कागदावर पडलेला दिव्यांगत्वाच्या टक्क्यांचा आकडा जन्मभर सोबत राहतो, म्हणून तो येतो कुठून हे पालकांना माहीत असले पाहिजे.

१९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्याने चाळीस टक्क्यांची अट थेट अपंग व्यक्तीच्या व्याख्येतच घातली. एकोणचाळीस टक्केवाला कायद्याच्या लेखी अपंगच नव्हता. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, व्याख्या मोकळी केली. चाळीसचा आकडा मात्र ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या नव्या नावाखाली टिकला. २०२१ मध्ये परीक्षेत उत्तरे लिहून देणाऱ्या लेखनिकाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चाळीसची अट तिथे लावता येणार नाही, असे स्पष्ट केले. चर्चा होते ती याच चाळीसची. आमच्या मुलांना अडवतो तो आकडा मात्र ऐंशी आहे.

शरीराच्या अपंगत्वात सांधा किती वळतो, ऐकू किती येते हे मोजून टक्के काढतात. बौद्धिक अक्षमतेत २०१८ च्या सूचनांनी सामाजिक परिपक्वतेची चाचणी पुढे आणली. मूळ चाचणी १९३० च्या दशकातली, अमेरिकी. तिचे भारतीय रूपांतर १९६० च्या दशकात नागपुरात झाले. प्रश्न ८९. मुलाला समोर बसवून गणिते घालायची नाहीत, घरच्या माणसाला विचारून भरायचे. आणि ही चाचणी पंधरा वर्षांच्या वयापर्यंतच्याच कौशल्यांची आहे. तरुण माणसाची पेन्शन तिच्यावर ठरावी, हे मला पटत नाही.

घरच्यांच्या उत्तरांवर सगळे असल्यामुळे इथेच गफलत होते. ‘कपडे घालतो का?’ ‘घालतो.’ बटणे आई लावते, शर्ट उलटा की सुलटा ती बघते, चारदा आठवण करते, हे त्या ‘घालतो’त येत नाही. पंधरा वर्षे कौतुकाने ‘आमचा सगळं करतो’ म्हणणाऱ्या आईला परक्या माणसासमोर ‘नाही हो, जमत नाही’ म्हणणे जड जाते. शिवाय मूल शेजारीच बसून ऐकत असते. आधीचे दोन आठवडे रोज कुठे हात द्यावा लागला ते वहीत लिहून ठेवले, तर बोर्डापुढे तोंडाने फार बोलावे लागत नाही.

या चाचणीचा गुणांक ५५ ते ६९ आला तर सौम्य, टक्के ५०. ३६ ते ५४ म्हणजे मध्यम, ७५. २१ ते ३५ तीव्र, ९०. वीस वा त्याखाली अतितीव्र, १००. मधले काही नाही. ३६ वाल्यालाही पंचाहत्तर आणि ५४ वाल्यालाही पंचाहत्तरच. आता २००९ मध्ये सुरू झालेली केंद्राची अपंगत्व पेन्शन पाहा : दारिद्र्यरेषेची अट, आणि दिव्यांगत्व ऐंशी टक्के. मध्यम गटातला तरुण, दुसरे अपंगत्व सोबत नसेल तर, ऐंशीला पोहोचूच शकत नाही. रस्ता एकट्याने ओलांडता येत नसला तरीही. आयकराच्या जुन्या पद्धतीतही पालकांची वजावट ऐंशीखाली ७५,००० आणि ऐंशीपासून १,२५,००० रुपये. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनी ओळखपत्रालाच रंग दिले : चाळीसच्या खाली पांढरा, चाळीसपासून पिवळा, ऐंशीपासून निळा. पंचाहत्तरचे कार्ड पिवळेच.

महाराष्ट्रात पैशांपुरती झळ कमी बसते. १९८० पासूनच्या निराधार अनुदान योजनेत चाळीस टक्के पुरतात, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांचे अनुदान दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाले.

प्रमाणपत्र मान्य नसेल तर २०१६ च्या कायद्यात अपिलाची सोय आहे. त्याच कायद्यातले दुसरे एक कलम फारसे कोणी सांगत नाही. ज्याला ‘उच्च सहाय्या’ची, म्हणजे रोजच्या कामांत जास्तीच्या मदतीची, गरज आहे त्याला, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणालाही, तसा अर्ज करता येतो. तिथे अट आहे ती लक्षणीय दिव्यांगत्वाची, म्हणजे चाळीसची. पंचाहत्तरवालाही त्यात बसतो.