पार्श्वभूमी : वीस पौंड, क्लबचं घर आणि ३० जून

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूच्या पगाराला १९०१ पासून कमाल मर्यादा होती. सुरुवातीला ती आठवड्याला ४ पौंड होती. १९५८ पर्यंत ती हंगामात २० आणि उन्हाळ्यात १७ पौंडांवर पोहोचली. सामना जिंकला तर वर ४ पौंड, बरोबरीत सुटला तर २. प्रेस्टन क्लबच्या एका नामांकित विंगरने (मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू) या काळात प्लंबिंगचा धंदा शेवटपर्यंत सोडला नाही. १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मो क्लबकडून त्याला १०,००० पौंड, महिना १३० पौंड, व्हिला आणि गाडी देऊ केली गेली, पण प्रेस्टनने सरळ नकार दिला.

हा नकार क्लबला सहज देता आला, आणि त्यामागे पगाराची मर्यादा नव्हती. करार वर्षाचा असे आणि ३० जूनला संपे. त्याआधी क्लब दोन याद्या काढी. पहिलीत राखून ठेवलेले, दुसरीत विकायला काढलेले. राखलेल्याने नव्या अटींवर सही केली नाही तर पगार बंद. नोंदणी मात्र क्लबकडेच, म्हणून लीगमधल्या दुसऱ्या कुणाकडे खेळणं अशक्य. राहतं घर बहुधा क्लबचंच असे. क्लबशी बिनसलं की बायकामुलांचं छप्परही धोक्यात. १९५० मध्ये स्टोक क्लबचा एक सेंटर-हाफ (मधला बचावपटू) गरोदर पत्नीला घेऊन कोलंबियातल्या बोगोटाला खेळायला गेला, वर्ल्ड कपला मुकला, काही आठवड्यांतच परतला आणि त्याच्यावर बंदी आली.

जानेवारी १९६१ मध्ये पगाराची मर्यादा उठली, त्या घटनेलाच आजही मुक्ती म्हटलं जातं. खरी गाठ सुटली ती ४ जुलै १९६३ च्या निकालाने. न्यूकॅसलच्या एका इनसाइड-फॉरवर्डचं (आघाडीच्या फळीतला खेळाडू) क्लबशी भांडण राहायला मिळालेल्या घरावरून आणि जोडनोकरीवरून पेटलं होतं. जून १९६० मध्ये करार संपल्यावर त्याने सही केली नाही आणि तो दक्षिणेत जाऊन बूच विकू लागला. पुढे ४७,५०० पौंडांना तो लंडनच्या क्लबकडे गेला, तरी न्यूकॅसलविरुद्ध कोर्टात केलेला दावा मागे घेतला नाही. न्यायाधीशांनी राखून ठेवण्याचा नियम व्यवसायस्वातंत्र्यावरचं अवाजवी बंधन ठरवला. भरपाई मात्र मिळाली नाही.

त्या निकालाने बदलीची रक्कमच (खेळाडू घेताना नव्या क्लबने जुन्याला द्यायचे पैसे) रद्द झाली, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. कोर्टाने फेटाळला तो राखून ठेवण्याचा हक्क. शिवाय राखणं आणि किंमत लावणं यांची सांगड घातली की खेळाडू दोन्हीकडून अडकतो, हे दाखवून दिलं. सुधारलेल्या नियमांत करार पुढे चालू ठेवायचा तर क्लबला आधीच्यापेक्षा कमी नसलेल्या अटी द्याव्या लागत, नाहीतर खेळाडू मोकळा. अटी दिल्या की तो पुन्हा बांधलेलाच. करार संपल्यावर स्वतःहून क्लब बदलण्याचा हक्क मिळायला १९७८ उजाडलं. तेव्हाही नव्या क्लबला पैसे मोजावेच लागत, आणि आकड्यावर एकमत झालं नाही तर तो स्वतंत्र लवाद ठरवी.