एसीतून पाणी गळतंय? गॅस भरायला सांगण्याआधी एवढं वाचा

आम्ही सोलापुरात एसी दुरुस्त करतो. एप्रिल-मेमध्ये आम्हाला फोन येतात ते "एसी गार करत नाही" म्हणून. ऑगस्ट-सप्टेंबरात तेच लोक सांगतात, "एसीतून पाणी गळतंय, भिंत ओली झाली." दोन्ही वेळा पुढचं वाक्य मात्र ठरलेलं : "गॅस संपला असेल, येताना गॅस घेऊनच या."

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस आत-बाहेर फिरत राहतो. नळ्या आणि जोड शाबूत असतील तर दहा वर्षांनीही तो तेवढाच असतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. पैसे तुमचे जातात, म्हणून हे आधी सांगतोय.

मग हे पाणी येतं कुठून?

हवेतून. गार पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसाच एसीच्या आतल्या गार कॉइलला (नळ्यांच्या जाळीला) सुटतो. ते पाणी ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. आपल्याकडे मे महिन्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे तेव्हा पाइपातून पाणी थेंबथेंबच येतं. काही जण त्याने घाबरतात. घाबरू नका, एसी ठीक आहे. सप्टेंबरात, आपल्या मुख्य पावसाच्या दिवसांत, तोच एसी रात्रभरात बादली भरतो.

हवेतून एक लिटर पाणी काढायचं तर एसीला साधारण ०.६८ युनिट एवढी उष्णता खेचून बाहेर टाकावी लागते. (बिलात वीज त्याहून बरीच कमी लागते, पण एसीची ताकद तेवढी खर्च होते.) त्यामुळे पावसाळ्यात खोली लवकर गार झाली नाही तर तो बिघाडच असेल असं नाही. रिमोट १८ वर आणून उपयोग होत नाही. २५ च्या आसपास ठेवा, हवा दमट असेल तर ड्राय मोड लावा, खिडक्या बंद ठेवा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. हॉलमध्ये कूलर आणि बेडरूममध्ये एसी, मधलं दार उघडं, असं बऱ्याच घरांत दिसतं. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी तेच पाणी बाहेर काढत बसतो. दोन्ही लावायचे तर दार बंद ठेवा.

पूर्व भागातलं एक घर

खाली टॉवेलचे माग, वर राहतं घर. आजींनी एसीखाली मोठं पातेलं मांडलं होतं आणि टपटप ऐकत त्या रात्र काढायच्या. त्याच वर्षी आधीच्या मेकॅनिकने दोनदा गॅस भरला होता. आम्ही झाकण उघडलं तर फिल्टर दिसतच नव्हता. मागावरचे सुताचे बारीक तंतू बसून त्याचं घोंगडं झालं होतं. त्यातून हवाच जात नव्हती. हवा नाही म्हणून कॉइल गोठायची आणि तिच्यावर बर्फ धरायचा. एसी बंद केला की तो बर्फ एकदम वितळून ट्रे ओसंडायचा. ड्रेन पाइपमध्ये हवा मारली तेव्हा अंगठ्याएवढा करडा, बुळबुळीत गोळा बाहेर पडला. गॅस तर उलट जास्तच होता, तो काढावा लागला. पातेलं त्या दिवशीच स्वयंपाकघरात गेलं.

घराजवळ माग असतील तर फिल्टर दर आठवड्याला साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. इतरांनी पंधरा दिवसांनी धुतला तरी चालतो. पूर्ण सर्व्हिसिंग मार्चमध्ये एकदा आणि पावसाळा लागताना एकदा. मुंबई-रत्नागिरीचे पाहुणे वेगळं सांगतील, कारण तिथे दमट हवा बारमाही आणि खारा वारा कॉइल खातो. आपला खरा त्रास म्हणजे धूळ आणि सूत.

सर्व्हिसिंगला दोन-तीन बादल्या पाणी लागतं. नळाला पाणी रोज येत नाही हे आम्हालाही माहीत आहे, म्हणून पाणी येण्याचा दिवस सांगा, आम्ही त्या दिवशी येऊ. बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलवर पांढरा थर धरतो. निदान शेवटचं धुणं तरी नळाच्या पाण्याने व्हावं.

पाणी वाचवायला एसीखाली बादली ठेवता ते चांगलंच आहे. पण पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. हवा अडकते, पाणी मागे फिरतं आणि घरात गळतं. टोक वर लटकतं ठेवा, पाइपला सगळीकडे उतार हवा. हे पाणी झाडांना, फरशीला वापरा. पिऊ नका, इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. त्यात धूळ आणि धातूचा अंश असतो.

गॅस खरंच कमी असेल तर

आधी नळीत नायट्रोजनचा दाब देऊन, जोडांना साबणाचा फेस लावून गळती शोधतो. ती दुरुस्त झाली की व्हॅक्यूम पंप लावतो. पंप न लावता गॅस भरला तर दमट हवा नळीतच राहते. ती तेलात मिसळून आम्ल होतं आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारं यंत्र) हळूहळू खराब होतो. पावसाळ्यात तर ही पायरी मुळीच गाळू देऊ नका, काम कोणाकडूनही करून घ्या. मग गॅस वजनकाट्यावर मोजून. किती ग्रॅम आणि कोणता, हे आउटडोअरच्या, म्हणजे एसीच्या बाहेर बसवलेल्या पेटीच्या, पट्टीवर छापलेलं असतं : जुन्यांत आर-२२, नंतरच्यांत आर-४१०ए, अलीकडे बहुतेक आर-३२. एकात दुसरा मिसळायचा नाही. आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून तो नळीत असताना वेल्डिंग करू देऊ नका.

उन्हाळ्यात गार न होण्याची इतर कारणं म्हणजे आउटडोअरवरची धूळ, कमी व्होल्टेज, फुगलेला कपॅसिटर (मोटर चालू व्हायला मदत करणारा भाग). कपॅसिटरला घरी हात लावू नका, स्विच बंद असला तरी त्यात करंट राहतो.

फोन कराल तेव्हा चार गोष्टी सांगा : पाणी आतून गळतंय की बाहेरून, कॉइलवर बर्फ दिसतो का, फिल्टर शेवटचा कधी धुतला आणि पट्टीवर कोणता गॅस लिहिलाय. त्यावरून काय सामान आणायचं ते आम्हाला कळतं आणि काम पहिल्याच फेरीत होतं.