अष्टकं दोन, आकडा एक

शाळेच्या रसायनशास्त्रात ‘अष्टक’ हा शब्द दोनदा भेटतो. एकदा न्यूलँड्सच्या नियमात आणि पुन्हा अणूच्या बाह्यतम कवचातल्या आठ इलेक्ट्रॉनांच्या निमित्ताने. मुलं दोन्ही एकच समजून बसतात. त्यांचा तरी काय दोष? पण या दोन अष्टकांमध्ये पन्नासेक वर्षांचं अंतर आहे, आणि ज्या वायूंनी दुसऱ्या अष्टकाची वाट दाखवली, त्यांनीच पहिलं मोडीत काढलं.

काही मूलद्रव्यं भावंडांसारखी वागतात, हे फार आधीच लक्षात आलं होतं. लिथियम, सोडियम, पोटॅशियम घ्या. तिघंही सुरीने कापता येतील इतके मऊ, पाण्यात टाकले की हायड्रोजन सोडणारे. त्यांचे अणुभार ७, २३ आणि ३९. पहिल्या-तिसऱ्याची बेरीज ४६, तिची निम्मी २३. जर्मनीच्या डोबेरायनरने १८२९ साली अशी त्रिकं मांडली.

लंडनच्या जॉन न्यूलँड्सने १८६५मध्ये अणुभारांच्या क्रमाने मूलद्रव्यं लावली, तर लिथियमपासून आठवं सोडियम आलं आणि तिथून आठवं पोटॅशियम. आपण वरचा सा पुढच्या सप्तकात मोजतो. पाश्चात्त्य संगीतात तो धरून आठ होतात, म्हणून त्याने नियमाला नाव दिलं अष्टकांचा नियम. १८६६च्या मार्चमध्ये केमिकल सोसायटीत त्याने तो मांडला, तेव्हा एका सदस्याने विचारलं, मूलद्रव्यं अक्षरक्रमाने लावून पाहिलीत का? टोमणा बोचरा होता, पण तक्ता खरंच कच्चा होता: कोबाल्ट आणि निकेल हे धातू एकाच घरात, तेही फ्लोरिन-क्लोरिनच्या रांगेत.

रशियाच्या मेंडेलीव्हने १८७१च्या तक्त्यात गण (म्हणजे उभे रकाने) ठरवताना ऑक्साइडचं सूत्र पाहिलं. ऑक्सिजनच्या एका अणूबरोबर सोडियमचे दोन अणू लागतात, मॅग्नेशियमचा एकच. म्हणून सोडियम पहिल्या गणात, मॅग्नेशियम दुसऱ्या. म्हणजे इलेक्ट्रॉन सापडायच्या सव्वीस वर्षं आधी संयुजेवरून, म्हणजे संयोग पावण्याच्या क्षमतेवरून, गण पडले होते. का, ते मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं.

मग आला आरगॉन. हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांतून मिळवलेल्यापेक्षा जेमतेम अर्ध्या टक्क्याने जड भरतो, एवढ्या फरकाचा पिच्छा पुरवत रॅले आणि रॅम्झे यांनी १८९४मध्ये तो शोधला. पुढच्याच वर्षी रॅम्झेला हेलियम मिळाला. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं आपल्याकडे हौसेने सांगतात. पण इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉक्यर तिथे ग्रहण पाहायला आला १८९८च्या जानेवारीत. सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्याने १८६८ साली इंग्लंडमधूनच ओळखली होती.) १८९८मध्येच निऑन, क्रिप्टॉन, झेनॉनही आले. कशाशीच संयोग न पावणाऱ्या या वायूंना मेंडेलीव्हच्या तक्त्यात जागाच नव्हती. आरगॉन म्हणजे तीन अणूंचा नायट्रोजन असावा, असं म्हणून तो बराच काळ अडून बसला. शेवटी ‘शून्य गण’ काढावा लागला. निऑन मध्ये घुसताच सोडियम आठवं न राहता नववं झालं.

पण या वायूंच्या अलिप्तपणातच उत्तर होतं. १९१६मध्ये अमेरिकेत लुईस आणि जर्मनीत कोसेल यांनी स्वतंत्रपणे तेच म्हटलं: या वायूंची इलेक्ट्रॉनरचना स्थिर असते आणि बाकीचे अणू इलेक्ट्रॉन देऊन, घेऊन किंवा वाटून (वाटण्याची कल्पना लुईसची) तिच्यापर्यंत पोहोचतात. सोडियमच्या इलेक्ट्रॉनांची आतून बाहेर कवचागणिक मांडणी २, ८, १. शेवटचा एक सोडला की निऑनची २, ८. लिथियम २, १ आणि पोटॅशियम २, ८, ८, १. त्रिकातल्या तिघांच्या बाह्यतम कवचात एकेकच संयुजा इलेक्ट्रॉन आहे. या आठाच्या गटाला इंग्रजीत अष्टक हे नाव रूढ केलं १९१९मध्ये लँगम्यूरने. लुईसला ते फारसं रुचलं नाही.

१९६२ साली कॅनडात नील बार्टलेटने झेनॉनचं पिवळसर नारिंगी संयुग बनवलं. तेव्हापासून या गणाला ‘निष्क्रिय वायू’ म्हणणं अवघड झालं. त्यापेक्षा मराठी पुस्तकांतलं ‘राजवायू’ बरं.