चार लिटर पाण्याने क्रिएटिनिन उतरतं का?

ठाण्याच्या तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांपैकी कुणाच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा घटक) वाढीव आलं की सल्ला ठरलेला: "काका, रोज चार लिटर पाणी प्या, क्रिएटिनिन आपोआप खाली येईल." यात तथ्य एवढंच, की जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं असेल तर पाण्याने आकडा उतरतो. जुनाट मूत्रपिंडविकारात तसं होत नाही. कॅनडात अशा रुग्णांना वर्षभर जास्त पाणी प्यायला लावून पाहिलं. २०१८ साली निकाल आला, मूत्रपिंडाची घसरण काही मंदावली नव्हती. अंगावर सूज असेल तर हेच पाणी उलट फुप्फुसांत साठून धाप लागू शकते.

मुळात क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा, मूत्रपिंड तो गाळतं. स्नायू वयानुसार, स्त्री-पुरुषानुसार कमी-जास्त असतात, म्हणून नुसता आकडा फसवा. १.४ क्रिएटिनिनला २५ वर्षांच्या तरुणाची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, मिनिटाला साधारण ७१ मिलिलिटर भरते. ७० वर्षांच्या आजींची जेमतेम ४०! ही क्षमता तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिली तर आजार जुनाट धरतात. तेव्हा रिपोर्टवर ईजीएफआर शोधा, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासून घ्या. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि हो, आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल तर तोही आकड्यात डोकावतो.